चुंबकापासून वीज

व्याख्यान संपल्यावर व्यासपीठापाशी जे चार-दोन श्रोते रेंगाळतात, त्यांच्याकडूनच पुष्कळदा वक्त्याला आपण काय सांगावयाचे विसरलो ते कळते. मागे एकदा विजेच्या विषयावर आम्ही बोललो, तेव्हा असेच एक गृहस्थ थांबले होते. लेथवर काम करणारे, वय पस्तिशीच्या आसपास, बोटांच्या पेरांत तेल मुरलेले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून आमच्यापुढे पसरला. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने एक यंत्र रेखाटले होते आणि रेखाटन इतके सुबक होते की आमच्या पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यांना लाज वाटावी. एका चाकाच्या परिघावर बारा जबर चुंबके, त्यांच्यासमोर तांब्याच्या तारेची बारा वेटोळी. चाकाला एकदा हाताने गती द्यावयाची. मग चुंबकांच्या आकर्षणाने व अपसारणाने ते फिरत राहावे, वेटोळ्यांत वीज उत्पन्न व्हावी, त्या विजेचा थोडा भाग चाक फिरते ठेवण्यास लागावा आणि उरलेल्यावर घरातले दिवे-पंखे चालावेत. मोबाइलवर अशा यंत्राची चित्रफीतही त्यांनी पाहिली होती. चुंबके विकत घेण्यासाठी पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवावयाचे घरात ठरले होते. "साहेब, यात चूक कुठे आहे तेवढी सांगा," असे ते म्हणाले.

आमच्यापाशी उत्तर तयारच होते. ऊर्जा निर्माण करता येत नाही व नष्टही करता येत नाही, म्हणून असे यंत्र चालणार नाही. हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण ते जागचे हलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "तत्त्व ठीक आहे. पण ते माझ्या चाकाला येऊन अडवते कुठे? कोणाचा हात त्याला थांबवतो?"

प्रश्न बिनतोड होता. न्यायालयाने निकाल दिला तरी जप्ती करावयाला बेलिफ यावा लागतो. चाक थांबते ते तत्त्वाने नव्हे, कोणत्या तरी बलाने थांबते. ते बल कोठून येते हे पाच मिनिटांत सांगण्यासारखे नव्हते. पुढच्या रविवारी आमच्या प्रयोगशाळेत या, तोवर पाटल्या घरातच राहू द्या, एवढे आम्ही त्यांना विनविले. प्रस्तुतचे व्याख्यान म्हणजे त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर होय. व्याख्यानाच्या वेळी मेजावर करून दाखविलेले प्रयोग येथे शब्दांनीच दाखवावे लागत आहेत, परंतु ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारे मूल आहे, त्यांना हे साहित्य पाहावयास मिळणे कठीण नाही.

पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या वेष्टित तारेचे दोनशे वेढे घेऊन केलेले एक वेटोळे आहे. त्याची दोन टोके गॅल्व्हानोमीटरला, म्हणजे अगदी अल्प प्रवाहानेही ज्याचा काटा सरकतो अशा उपकरणाला, जोडली आहेत. काटा मध्यावर, शून्यावर आहे. हातात एक चांगला दणकट लोहचुंबक आहे. तो आम्ही वेटोळ्यात सरकवितो, तसा काटा एका बाजूस झेपावतो आणि लागलीच परत येतो. चुंबक आता वेटोळ्याच्या पोटात आहे, तसाच राहू द्या. तास गेला, दिवस गेला, काटा शून्यावरच. चुंबकाला तेथे बसवून त्याची षोडशोपचारे पूजा केली तरी काटा हलावयाचा नाही. आता चुंबक बाहेर ओढला, की काटा पुन्हा झेपावतो, पण या वेळी विरुद्ध बाजूस. चुंबक टेबलावर स्थिर ठेवून वेटोळेच त्याच्यावरून सरकविले तरी हेच घडते.

एवढा साधा प्रयोग. तरीसुद्धा तो हाती येण्यास युरोपातील उत्तमोत्तम शास्त्रज्ञांना अकरा वर्षे लागली. का लागली, हे पाहिल्यावाचून प्रयोगाचे मर्म कळत नाही, म्हणून थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

१८२० साली कोपनहेगन येथे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड हे प्राध्यापक व्याख्यान देत असता त्यांच्या मेजावर विजेची तार व होकायंत्र अशी दोन्ही होती. तारेतून प्रवाह सोडताच होकायंत्राची सुई हलली. वीज आणि चुंबकत्व यांचा काही संबंध असावा अशी शंका पुष्कळांना होती, पण तो डोळ्यांनी दिसला तो या व्याख्यानात. विजेचा प्रवाह वाहू लागला की त्याच्याभोवती चुंबकत्व उत्पन्न होते, ही गोष्ट त्याच वर्षी साऱ्या युरोपभर झाली. पॅरिसमध्ये आंपेरने काही आठवड्यांतच तिचे गणित उभे केले. तार गुंडाळून वेटोळे केले व त्यातून प्रवाह सोडला, तर ते वेटोळे हुबेहूब लोहचुंबकासारखे वागते, त्याला उत्तर टोक येते, दक्षिण टोक येते. वाचकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे. त्या गृहस्थांच्या चाकाला अडविणारा हात याच वाक्यात दडलेला आहे.

विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न त्यानंतर ज्याच्या त्याच्या मनात आला. पण सगळेच अशा समजुतीने शोध करीत होते की, ओर्स्टेडच्या प्रयोगात प्रवाह चालू आहे तोवर सुई वळलेली राहते, तसेच उलट बाजूने चुंबक जवळ आहे तोवर वीज वाहत राहील. जबर चुंबक घ्यावा, तारेजवळ ठेवावा आणि प्रवाहाची वाट पाहावी. जिनिव्हाच्या कोलाडोन या शास्त्रज्ञाची कथा या बाबतीत मोठी चुटपुट लावणारी आहे. १८२५ साली त्याने वेटोळे केले, चुंबक घेतला, गॅल्व्हानोमीटरही घेतला. पण चुंबकाचा परस्पर परिणाम उपकरणाच्या सुईवर होऊन आपली फसगत होऊ नये म्हणून त्याने उपकरण लांब तारांनी जोडून शेजारच्या खोलीत ठेवले. काळजी अगदी योग्य होती. तो या खोलीत चुंबक वेटोळ्यात सरकवी आणि मग चालत त्या खोलीत जाऊन सुई पाही. तो पोचेपर्यंत सुई झेपावून परत शून्यावर आलेली असे. दुसऱ्या खोलीत कोणी एक पोऱ्या बसविला असता तरी विद्युत्प्रवर्तनाचा शोध आज कोलाडोनच्या नावावर असता.

तो शोध मायकेल फॅरडेच्या नावावर आहे. फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असता बांधावयास आलेली पुस्तके तो वाचून काढी. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने ती व्याख्याने टिपून घेतली, टिपणे सुवाच्य लिहून, स्वतःच्या हाताने बांधून डेव्हींकडे पाठविली आणि पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची नोकरी मिळाली. व्याख्यानमालांच्या चालकांनी ही हकीकत भिंतीवर लावून ठेवावी. सभागृहातल्या कोणत्या खुर्चीवर कोण बसले आहे हे सांगता येत नाही.

२९ ऑगस्ट १८३१ या दिवशी फॅरडेने लोखंडाच्या एका कड्यावर समोरासमोरच्या अंगांना तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी, दुसऱ्याला सुई. दोन्हींचा एकमेकांशी तारेने संबंध नाही, मध्ये केवळ लोखंड. बॅटरी जोडताच सुई हलली व परत जागी आली. बॅटरी चालू असेतो ती स्वस्थ राहिली. बॅटरी तोडताच ती पुन्हा हलली. दुसरा कोणी असता तर हा क्षणिक धक्का जोडणीतला दोष समजून त्याने सोडून दिला असता. फॅरडेने मात्र ताडले की, आपण जे शोधीत होतो ते हेच, आणि ते क्षणिकच असावयाचे. १७ ऑक्टोबरला त्याने कडे बाजूस ठेवून नुसता चुंबक वेटोळ्यात सारला, म्हणजे आपण आरंभी पाहिला तो प्रयोग केला. २४ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला गेला. अकरा वर्षे सगळे चुंबकाकडे पाहत होते. वीज चुंबकात नव्हती, बदलात होती.

आता हा बदल कशाचा? चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस शिंपडला तर तो वक्र रेषांत मांडला जातो, हे शाळेत सर्वांनी पाहिलेले असते. फॅरडेला गणित फारसे येत नसे, पण या रेषा त्याला डोळ्यांपुढे दिसत. त्यांना बलरेषा म्हणावयाचे. हातातली बांगडी घ्या आणि तिच्यातून ताणलेले दोरे आरपार जात आहेत अशी कल्पना करा. बांगडी दोऱ्यांना समोरासमोर धरली तर पुष्कळ दोरे तिच्यातून जातात. ती तिरपी केली तर कमी जातात. आडवी केली तर एकही जात नाही. चुंबक जवळ आणला तर दोरे दाट होतात, दूर नेला तर विरळ होतात. वेटोळ्याच्या प्रत्येक वेढ्यातून अशा बलरेषा किती जातात, हे एक माप झाले. वेटोळ्यात जो विद्युत्-दाब उत्पन्न होतो, तो या मापावर अवलंबून नाही, ते माप किती त्वरेने बदलते यावर आहे. खात्यात शिल्लक किती हे वेटोळे विचारीत नाही. भरणा होत आहे की उचल, आणि किती घाईने, एवढेच ते पाहते. भरण्याच्या वेळी काटा एकीकडे जातो, उचलीच्या वेळी दुसरीकडे, आणि व्यवहार बंद असेल तर शिल्लक लाखाची असली तरी काटा शून्यावर.

थोडा हिशेब करून पाहू. आपले वेटोळे दोनशे वेढ्यांचे. एका वेढ्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००२ चौरस मीटर. चुंबकाचे क्षेत्र ०.१ टेस्ला धरू. एका वेढ्यातून जाणाऱ्या बलरेषांचे माप झाले ०.०००२ वेबर. चुंबक एक दशांश सेकंदात ओढून काढला तर बदलाची त्वरा ०.००२, आणि वेढे दोनशे, म्हणून दाब ०.४ व्होल्ट. तोच चुंबक झटक्याने एक शतांश सेकंदात काढला तर ४ व्होल्ट. चुंबक तोच, वेटोळे तेच, फक्त हात चपळ झाला. वेढे दुप्पट केले तर दाबही दुप्पट होतो.

येथे विद्यार्थी हमखास अडखळतात ती जागा दाखविली पाहिजे. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये वेटोळे फिरत ठेवले तर त्यातून जाणाऱ्या बलरेषा कधी जास्तीत जास्त असतात, कधी शून्य असतात. रेषा ज्या क्षणी जास्तीत जास्त, त्या क्षणी वीज किती, असे विचारले की वर्गातून एकमुखाने उत्तर येते, "जास्तीत जास्त." उत्तर आहे शून्य. झोपाळा आठवावा. झोपाळा सर्वांत उंच जातो त्या ठिकाणी त्याची उंची कमाल असते, पण त्या क्षणी तो थांबलेला असतो. खालच्या बिंदूपाशी उंची किमान, पण वेग कमाल. वेटोळ्याचेही तसेच. रेषांचे माप शिखरावर पोचले की क्षणभर ते ना वाढते ना घटते, म्हणून दाब नाही. वेटोळे आडवे झाले, रेषा शून्यावर आल्या, की नेमका तेव्हा बदल सर्वांत झपाट्याचा, म्हणून दाब कमाल. पुढे रेषा उलट बाजूने शिरू लागतात आणि दाबाची दिशाही पालटते. आपल्या घरातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, ती या झोपाळ्याची. रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर ते तर फॅरडेचे कडेच. बदलणारा प्रवाह असल्याशिवाय तो चालत नाही, त्याला बॅटरी जोडून काही उपयोग नाही, एवढे सांगून पुढे जाऊ.

क्षेत्र बदलण्यासाठी कोणी हाताने चुंबक हालविलाच पाहिजे असे नाही. निसर्गही हे करतो, आणि त्याची नोंद ठेवण्याचे काम आपल्या मुंबईने फार पूर्वीपासून केलेले आहे. पृथ्वी हा एक प्रचंड पण क्षीण चुंबक आहे. आपल्या किनाऱ्यावर तिचे क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या आगेमागे भरते, म्हणजे आताच्या हिशेबातील चुंबकाच्या मानाने दोन हजारांहून अधिक पटींनी दुबळे. कुलाबा येथील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली आणि १८४१ पासून तेथे या क्षेत्राची नियमित मोजणी होऊ लागली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डाग पाहत असता त्याला सूर्यबिंबावर लखलखाट दिसला. त्यानंतर साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकत्वात वादळ उठले. कुलाब्याच्या नोंदींत पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेला आढळतो. त्या वादळाची एवढी बोलकी नोंद जगात फार थोड्या ठिकाणी सापडते. जुन्या वह्यांतील ते आकडे २००३ साली शास्त्रीय नियतकालिकात नव्याने तपासून प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभरच्या अभ्यासकांना कुलाब्याचे महत्त्व कळले.

१६०० नॅनोटेस्ला म्हणजे शेकडा चारांच्या आसपास घट. होकायंत्र घेऊन बसलेल्या माणसाला तिची दादही लागावयाची नाही. परंतु त्याच वेळी अमेरिकेत बॉस्टन-पोर्टलंड तारमार्गावरील तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि तरी संदेश जात राहिले. वीज कोठून आली? बदल जरी लहान असला तरी वेटोळे केवढे होते ते पाहावे. शेकडो किलोमीटर तार, तिची दोन्ही टोके जमिनीत पुरलेली, परतीचा मार्ग पृथ्वीच्या पोटातून. समजा हे वेटोळे शंभर किलोमीटर लांब व शंभर किलोमीटर खोल आहे, आणि १६०० नॅनोटेस्लांचा फरक दहा मिनिटांत पडला. हिशेब केला तर दाब पंचवीस व्होल्टांच्या पुढे जातो, तोही एकाच वेढ्याच्या वेटोळ्यात. आजच्या विजेच्या वाहिन्या तारायंत्राच्या तारांहून लांब आहेत. १३ मार्च १९८९ रोजी अशाच एका चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची विजेची व्यवस्था दीड मिनिटात कोलमडली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. फॅरडेचा प्रयोगच तो, चुंबक पृथ्वीचा आणि वेटोळे एका प्रांताएवढे.

कुलाब्याच्या वेधशाळेची पुढची हकीकत ओर्स्टेडच्या बाजूची आहे. मुंबईतील ट्रामगाड्या घोडे ओढीत होते तोवर वेधशाळेला त्यांचा उपद्रव नव्हता. शतकाच्या आरंभी त्या विजेवर चालविण्याचे ठरले. ट्रामचा प्रवाह रुळांतून व जमिनीतून परत जावयाचा, आणि प्रवाह आला की चुंबकत्व आले. सुईला सूर्याची कुजबुज ऐकावयाची, तर खालून ट्रामचा खडखडाट. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय मोजणी समुद्रापलीकडे अलिबागला नेली. तेथील इमारतीसाठी पोरबंदरी दगड वापरला आणि लोखंडाचा खिळाही लागू दिला नाही, जोडकाम पितळेचे व तांब्याचे केले. १९०४ पासून अलिबागला मोजणी सुरू झाली. मूस यांचा खरा शहाणपणा पुढेच आहे. त्यांनी कुलाब्याची मोजणी लागलीच बंद केली नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी ती समांतर चालू ठेवली, म्हणजे जुनी नोंद व नवी नोंद यांचा सांधा जुळावा. विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली आणि १९६४ साली बंदही पडली. अलिबागची मोजणी चालूच आहे.

हा फेरफटका थोडा लांबला खरा, पण त्यामुळे एक गोष्ट मनावर ठसते. प्रवाह असेल तेथे चुंबकत्व असतेच, ते टाळता येत नाही, त्यापासून दूर पळावे लागते. आता आपल्या वेटोळ्याकडे परत येऊ.

चुंबकाचे उत्तर टोक आपण वेटोळ्याकडे नेतो आहोत. वेटोळ्यात प्रवाह सुरू झाला. प्रवाह सुरू झाला म्हणजे ओर्स्टेड व आंपेर यांच्या म्हणण्याप्रमाणे वेटोळे स्वतःच चुंबक झाले. आपल्याकडचे त्याचे तोंड उत्तर की दक्षिण? क्षणभर समजा, दक्षिण. मग ते आपल्या चुंबकाला जवळ ओढील. चुंबक अधिक वेगाने धावेल, म्हणून प्रवाह वाढेल, म्हणून ओढ वाढेल, म्हणून वेग आणखी वाढेल. एक टिचकी मारली की चुंबक आपणहून आत घुसेल, वीजही मिळेल आणि वेगही मिळेल. हेच त्या गृहस्थांचे यंत्र! पण प्रयोग करून पाहिला तर तोंड उत्तर निघते. वेटोळे येणाऱ्या चुंबकाला ढकलते. आणि चुंबक बाहेर काढू लागलो की तेच तोंड दक्षिण होते व त्याला धरून ठेवू पाहते. येणाऱ्याला "येऊ नको" आणि जाणाऱ्याला "जाऊ नको", असा या वेटोळ्याचा स्वभाव आहे. सेंट पीटर्सबर्गच्या लेंझने १८३४ साली हा नियम मांडला. प्रवर्तित प्रवाह ज्या बदलामुळे जन्मतो त्याच बदलाला विरोध करतो.

हा विरोध अलंकारिक नाही, तो बोटांना जाणवतो. मीटरभर लांबीची जाड तांब्याची नळी उभी धरावी आणि तिच्यात वरून एक लहानसा जबर चुंबक सोडावा. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे आधी दाखवून घ्यावे. त्याच आकाराचा लोखंडाचा तुकडा अर्ध्या सेकंदाच्या आत खाली टपकतो. चुंबक मात्र कित्येक सेकंद रेंगाळत, पाण्यात बुडणाऱ्या खड्यासारखा उतरतो. नळीचा प्रत्येक कडेलोट भाग म्हणजे एक वेढ्याचे वेटोळे. वरच्या वेढ्यांतून चुंबक दूर जात आहे म्हणून ते त्याला मागे धरतात, खालच्यांच्या जवळ येत आहे म्हणून ते त्याला वर ढकलतात. आम्ही हा प्रयोग शेकडो वेळा केला असेल, तरी नळीच्या तोंडातून आत पाहताना अजून मौज वाटते. नळीला उभी चीर पाडली तर वेढे तुटतात, प्रवाहाला फिरावयास पुरा मार्ग राहत नाही आणि चुंबक पुष्कळ वेगाने पडतो. म्हणजे अडविणारे तांबे नव्हे, तांब्यातला प्रवाह. मुंबईच्या लोकलमध्ये २००७ पासून ज्या नव्या गाड्या आल्या, त्या ब्रेक लावताना मोटरांनाच जनित्र बनवितात. गाडीचा वेग ओसरतो आणि त्याची वीज वरच्या तारेत परत जाते. तेथे लेंझचा विरोध हाच ब्रेक.

आता त्या बारा चुंबकांच्या चाकाचा झाडा घेता येतो. वेटोळी काढून टाका आणि नुसत्या चुंबकांच्या ओढाओढीवर चाक फिरेल का ते पाहा. स्थिर चुंबक येणाऱ्या चुंबकाला जेवढे ओढतो, तेवढेच तो पुढे गेल्यावर मागे खेचतो. एका फेऱ्याची बेरीज शून्य. उतारावरून मिळाले ते चढावर गेले, आणि धारव्यांचे घर्षण निराळेच. आता वेटोळी बसवा, पण त्यांची टोके मोकळी ठेवा. दाब उत्पन्न होईल, पण प्रवाह वाहणार नाही, म्हणून विरोधही नाही. चाक बराच वेळ फिरत राहील आणि पाहणाऱ्याला वाटेल की साधले. मोबाइलवरच्या चित्रफितींतील बरेचसे चमत्कार या टप्प्यावरचे असतात, बाकीच्यांत बॅटरी कोठे तरी लपविलेली असते. मग दिवा जोडा. ज्या क्षणी दिव्यातून प्रवाह जातो, त्याच क्षणी वेटोळी चुंबक होतात आणि बारा हात चाकाला धरतात. दिवा जितका प्रखर, तितकी पकड घट्ट. तो विरोध हटविण्यासाठी जे श्रम करावे लागतात, त्यांचीच वीज होते. खोपोलीला १९१५ पासून घाटमाथ्यावरचे पाणी पाचशे मीटर खाली पडून जनित्रे फिरविते, ते या बारा हातांविरुद्धच. कोठेही काही वाया गेले नाही असे धरले तरी मीटरवरच्या एका युनिटासाठी त्या उंचीवरून पाऊण टनाच्या जवळपास पाणी पडावे लागते.

रविवारी ते गृहस्थ ठरल्या वेळी आले. बरोबर कागद होता, चुंबके नव्हती. आम्ही त्यांना फार काही सांगितले नाही. प्रयोगशाळेत हाताने फिरविण्याचे एक जनित्र आहे, त्याला तीन दिवे जोडता येतात. खटके बंद ठेवून दांडा त्यांच्या हाती दिला. लेथवरचा हात तो, त्यांनी भराभर फिरविला आणि "अगदी हलका आहे" म्हणाले. फिरवीत राहा, असे सांगून आम्ही पहिला खटका दाबला. दिवा पेटला, आणि दांड्याचा वेग एकदम पडला. त्यांनी चमकून जनित्राकडे पाहिले, मग खाली वाकून कोणी काही अडकविले आहे की काय ते पाहिले. आम्ही खटका बंद केला, दांडा पुन्हा हलका झाला. चालू केला, पुन्हा जड. असे चार-पाच वेळा झाले. नंतर ते स्वतःच एका हाताने दांडा फिरवू लागले आणि दुसऱ्या हाताने खटका उघडमीट करू लागले. कपाळावर घाम आला होता. आम्ही त्यांना सांगितले की, अशा श्रमाने धडधाकट माणूस शंभर वॉटच्या हिशेबाने फार तर काम करील, म्हणजे एक युनिट व्हावयास दहा तास लागतील, आणि त्याचे वीजमंडळ काय घेते ते तुम्हांला ठाऊक आहेच. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांचे लक्ष हातातल्या जडपणाकडे होते.

"दुसरा लावा," ते म्हणाले.

आम्ही दुसरा दिवा लावला.